त्रुव्होरचा अंगरखा

परवा एका परिसंवादाला गेलो होतो. विषय नेहमीचाच, मराठी नाटकाचं काय होणार. नेहमीप्रमाणे अर्धा तास उशीर, समई, शाल, श्रीफळ, आणि मग एकामागून एक वक्ते. त्यातले एक (नाव सांगत नाही, माणूस अभ्यासू आहे, बोलतातही छान) बोलण्याच्या भरात म्हणाले, "आपली सुरुवातीची नाटकं म्हणजे सगळी उसनवारी हो! थोडं कालिदासाकडून, थोडं शेक्सपियरकडून. रशियनांचं बघा. गोगोल बघा, चेकॉव्ह बघा. थेट मातीतून उगवलेले! आपल्याकडे असं का नाही झालं?"

टाळ्या पडल्या. सवयीनं मीही दोन वाजवल्या. घरी येताना बसमध्ये बसलो आणि त्या दोन टाळ्या मलाच खुपायला लागल्या. कारण वक्ते म्हणाले ते चूक होतं. मराठीबद्दल चूक की बरोबर हा वाद नंतर घालू. रशियनांबद्दलच ते साफ चूक होतं. गोगोल काही मातीतून उगवला नाही. त्याच्या आधी कोणीतरी ती जमीन नांगरली होती, दगड काढले होते, आणि बियाणं परक्या घरून पदर पसरून आणलं होतं. त्या माणसाचं नाव सभागृहात कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यात आपल्या लोकांचा दोष फारसा नाही. खुद्द रशियनांनीही त्याला पाठ्यपुस्तकातल्या दोन परिच्छेदांत गुंडाळून ठेवलंय.

अलेक्सान्द्र पेत्रोविच सुमारोकोव्ह. जन्म १७१७, मृत्यू १७७७. नऊ शोकांतिका, बारा सुखांतिका, रशियन भाषेतल्या पहिल्या ऑपेराची संहिता, शेकडो बोधकथा, गाणी, स्तोत्रं, उपहास. रशियातलं पहिलं खाजगी साहित्यिक मासिक याचं. रशियन रंगभूमीचा पहिला संचालक हाच. गोगोलचं 'इन्स्पेक्टर जनरल' रंगमंचावर आलं १८३६ मध्ये. सुमारोकोव्हची पहिली शोकांतिका 'खोरेव्ह' १७४७ ची. मधे जवळजवळ नव्वद वर्षं आहेत. नव्वद वर्षांचा पाया पाहायचा नाही, आणि कळसाकडे बोट दाखवून आपल्या लोकांना हिणवायचं, याला अभ्यास म्हणत नाहीत.

आता आधी त्याच्यावरचा आरोप ऐकून घेऊ, कारण आरोप जुना आहे आणि करणारे लहान माणसं नाहीत. आरोप असा की सुमारोकोव्ह नक्कल्या होता. फ्रेंचांच्या शोकांतिकेचा साचा त्यानं जसाच्या तसा उचलला. पाच अंक, एक जागा, एक दिवस, आणि यमकांच्या जोड्यांत बोलणारे राजपुत्र. नावं तेवढी जुन्या रशियन बखरीतली, बाकी सगळं रासीन आणि व्हॉल्तेर. त्याला स्वतःलाही 'उत्तरेचा रासीन' म्हणवून घ्यायला आवडायचं. पुढे पुश्किननं त्याची टर उडवली, बेलिन्स्कीनं त्याला निकालात काढलं, आणि विषय संपला.

खरं आहे. साचा फ्रेंच होता. मला विचारायचंय ते एवढंच, की तेव्हा रशियन भाषेत दुसरा कुठला साचा होता?

जरा त्या वेळचं चित्र डोळ्यांसमोर आणा. पीटर्सबर्ग शहराला अजून अर्धशतकही झालेलं नाही. दरबारात जर्मन चालते, फ्रेंच चढत चाललेली आहे. नाटक बघायचं तर फ्रेंच मंडळींचं, ऑपेरा बघायचा तर इटालियनांचा. देवळात जुनी स्लाव भाषा. रशियन कशाला? नोकरांना हाक मारायला, बाजारात भाव करायला, आणि फार तर गाणं गुणगुणायला. (हे वर्णन वाचून आमच्या गोव्यातल्या वाचकांना काहीतरी ओळखीचं वाटेल. मी अधिक बोलत नाही.) या भाषेत राजा राजासारखा बोलू शकतो, प्रेयसी प्रेयसीसारखी बोलू शकते आणि प्रेक्षक दोन-तीन तास जागचे हलत नाहीत, हे कोणीतरी करून दाखवायला हवं होतं. सिद्धांत मांडून ते होत नाही, प्रयोग करावा लागतो.

सुमारोकोव्ह शिकला तो सरदारपुत्रांसाठी काढलेल्या लष्करी कॅडेट शाळेत. १७३२ मध्ये आत गेला, १७४० मध्ये बाहेर पडला. शाळा लष्करी, पण पोरांना कवितेचं वेड. तो लिहायला लागला तेव्हा रशियन कवितेची लयसुद्धा नक्की ठरलेली नव्हती. आपल्याकडे लघु-गुरू मोजतात, मात्रा मोजतात. त्यांच्याकडे आघात मोजतात. आधी हलका मग जड अशी चाल म्हणजे यांब, उलटी चाल म्हणजे त्रोखे. यातली गंभीर विषयाला कुठली शोभते, यावर तीन कवींमध्ये भांडण लागलं. त्रेदियाकोव्स्की, लोमोनोसोव्ह आणि हा. भांडण कसं मिटवावं? तिघांनी बायबलमधलं एकच स्तोत्र घेतलं, प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं रशियन पद्यात उतरवलं, आणि १७४४ मध्ये कोणतं कोणाचं हे न सांगता तिन्ही एकत्र छापली. वाचकांनो, तुम्हीच ठरवा! मला हा प्रसंग फार आवडतो. ज्या भाषेत वाचक मुळात मूठभर, तिथे हे तिघे वाचकाला न्यायाधीश करताहेत. आपल्याकडे आज वाचक लाखांनी असून कोणी त्याला असं विचारत नाही.

आता नक्कलेच्या सर्वांत मोठ्या पुराव्याकडे येऊ. १७४८ मध्ये सुमारोकोव्हनं 'हॅम्लेट' छापलं. शेक्सपियरचं इंग्रजी त्याच्यासमोर नव्हतं; दे ला प्लास नावाच्या फ्रेंच माणसानं केलेली अर्धी गोषवारा, अर्धी भाषांतर अशी आवृत्ती होती. तिच्यावरून त्यानं स्वतःचं नाटक रचलं. भुताला रंगमंचावर जागा नाही, ते स्वप्नात जातं. पोलोनियस खरा खलपुरुष होतो आणि शेवटी स्वतःच जीव देतो. राणी पश्चात्ताप करते. हॅम्लेट मरत नाही, ऑफिलिया मरत नाही, दुष्टांचा नाश होतो आणि गादी योग्य हाती जाते. शेक्सपियरचे भक्त हे ऐकून कानांवर हात ठेवतील. त्या काळीही त्रेदियाकोव्स्कीनं उसनवारीचा ठपका ठेवलाच होता. सुमारोकोव्हनं उत्तर दिलं ते असं, की एक स्वगत आणि क्लॉडियसचं गुडघे टेकणं सोडलं तर माझं नाटक शेक्सपियरसारखं दिसतच नाही!

बघा, हा नक्कल्याचा बचाव नव्हे. 'मी चोरलं नाही' एवढंच तो म्हणत नाही. 'मी दुसरं काहीतरी केलं' असं म्हणतो. आणि केलंही होतं. त्याला गोंधळलेला राजपुत्र नको होता, जुलमी राजाला गादीवरून उतरवणारा राजपुत्र हवा होता. पुढे १७६२ मध्ये कॅथरीननं नवऱ्याला पदच्युत केलं, नवरा लगेच मारला गेला, आणि मुलगा पावेल बाजूला राहिला. त्यानंतर बापाच्या खुनाचं आणि आईच्या पापाचं हे नाटक तिच्या राज्यात रंगमंचावर आलेलं दिसत नाही. निव्वळ नक्कल असती तर तिची कोणाला अडचण झाली नसती.

मराठीत 'हॅम्लेट' आणलं आगरकरांनी, 'विकारविलसित' या नावानं, १८८३ मध्ये. देवलांनी 'ऑथेल्लो'चं 'झुंझारराव' केलं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' कालिदासाकडून घेतलं. आणि आमचे वक्ते ज्या गोगोलकडे बोट दाखवत होते, त्याच गोगोलच्या 'इन्स्पेक्टर जनरल'वरून पु. ल. देशपांड्यांनी 'अंमलदार' केलं, तेव्हा आपण पोट धरधरून हसलो. ते उष्टं वाटलं नाही. मग आधीच्यांचंच तेवढं उष्टं कसं? दुसऱ्याच्या घरची वस्तू आपल्या भाषेत आणून ती चालती-बोलती करणं हे रंगभूमीचं पहिलं काम आहे. जगातल्या कुठल्या रंगभूमीनं ते केलं नाही ते मला दाखवा. रासीननं ग्रीकांकडून घेतलं, शेक्सपियरनं मिळेल तिथून घेतलं.

बरं, नाटकं बाजूला ठेवा. सुमारोकोव्हचं खरं देणं कुठे मुरलं ते बघा. त्यानं शेकडो बोधकथा पद्यात लिहिल्या, पहिली पुस्तकं १७६२ ची. त्यात त्यानं एक साधी गोष्ट केली. ओळी समान लांबीच्या ठेवल्या नाहीत. एक ओळ लांबलचक, पुढची दोन शब्दांची. यांबाची चाल तीच, पण बोलणाऱ्याच्या दमाप्रमाणे ओळ लांबते आणि तुटते. बाजारातली, चावडीवरची रशियन त्या ओळींत ऐकू येऊ लागली. हीच घडण पुढे क्रिलोव्हनं घेतली आणि तो रशियाचा इसाप झाला. तीच घडण ग्रिबोयेदोव्हनं नाटकात नेली आणि १८२४ च्या आसपास 'अकलेचं दुःख' लिहिलं. त्यातली वाक्यं रशियन माणूस आजही म्हणींसारखी वापरतो. क्रिलोव्हला हार, ग्रिबोयेदोव्हला हार, आणि ज्यानं ती ओळ पहिल्यांदा तोडली तो 'दुय्यम कवी'! पुश्किननं त्याची टर उडवली हे सगळे सांगतात. पण सुमारोकोव्हला लोमोनोसोव्हपेक्षा रशियन भाषा चांगली कळत होती, हेही पुश्किननंच लिहून ठेवलंय. ते मात्र कोणी सांगत नाही.

आता दुसऱ्या गैरसमजाकडे वळतो. तो मला पहिल्यापेक्षा जास्त झोंबतो.

रशियन रंगभूमीचा जन्मदिवस ३० ऑगस्ट १७५६ मानतात. त्या दिवशी सम्राज्ञी एलिझाबेथनं हुकूम काढला, की शोकांतिका आणि सुखांतिका करण्यासाठी रशियन नाटकशाळा स्थापन व्हावी. वासिल्येव्स्की बेटावरचा एक वाडा दिला, नट घ्यावेत, नट्याही घ्याव्यात असं ठरलं, आणि ब्रिगेडियर सुमारोकोव्हला संचालक नेमलं. २००६ मध्ये पीटर्सबर्गच्या अलेक्सान्द्रिन्स्की नाट्यगृहानं या हुकमाची अडीचशे वर्षं थाटात साजरी केली. सरकारनं हुकूम काढला आणि रंगभूमी जन्मली! आपल्याकडेही सरकारी पुस्तिकांमध्ये असाच सूर असतो, अकादमी झाली आणि कला जन्मली.

पण हुकमाच्या आधी काय होतं? कॅडेट शाळेतली पोरं होती. त्यांनी 'खोरेव्ह' स्वतःच्या हौसेनं बसवलं, ते सम्राज्ञीच्या कानावर गेलं आणि १७५० मध्ये दरबारात प्रयोग झाला. स्त्रीभूमिका मुलांकडेच. सम्राज्ञीनं मोठ्या हौसेनं त्या पोरांना स्वतः नटवलं, आपले हिरे-माणकं त्यांच्या अंगावर घातले असं सांगतात. तिकडे यारोस्लाव्ल गावात फ्योदर व्होल्कोव्ह नावाच्या, व्यापारी घरात वाढलेल्या तरुणानं धंद्याकडे दुर्लक्ष करून आपली नाटक मंडळी उभी केली होती. त्यांची कीर्ती ऐकून १७५२ मध्ये त्यांना राजधानीत बोलावून घेतलं. म्हणजे नाटककार तयार होता, नट तयार होते, नाटकं तयार होती. हुकूम सगळ्यात शेवटी आला. जत्रेतला दशावतार रात्रभर रंगतो आणि पहाटे पुढारी येऊन नारळ फोडतात, तसला प्रकार.

आणि हुकमाबरोबर पैसे किती? वर्षाला पाच हजार रूबल. त्यातलेच एक हजार संचालकाच्या पगाराचे. फ्रेंच मंडळींवर आणि इटालियन ऑपेरावर दरबार याच्या कितीतरी पट उधळत होता. उरलेल्या रकमेत नटांचे पगार, कपडेपट, पडदे, मेणबत्त्या, वादक. १७५७ पासून तिकीट लावून खेळ करायची परवानगी मिळाली, पण उपासाच्या आणि सणांच्या दिवसांत खेळ बंद, दरबाराला जागा हवी असली की खेळ बंद. सुमारोकोव्हची त्या काळातली पत्रं बरीचशी इव्हान शुव्हालोव्हला आहेत. हा सम्राज्ञीचा मर्जीतला माणूस. त्या पत्रांत काव्यशास्त्र शोधायला गेलात तर निराश व्हाल. सगळी रड पैशांची, मेणबत्त्यांची, आजारी नटांची. १७५८ च्या सुमाराच्या एका पत्रात तो कळवतो, की ठरलेला खेळ होऊ शकत नाही, कारण त्रुव्होरला अंगावर घालायला काहीच कपडे नाहीत.

त्रुव्होर म्हणजे त्याच्या 'सिनाव्ह आणि त्रुव्होर' या नाटकातला राजपुत्र. ज्या इल्मेनावर त्याचं प्रेम, तिच्याशीच राज्य करणारा थोरला भाऊ लग्न करू पाहतो. या नाटकानं प्रेक्षकांना रडवलं होतं. आणि सरकारी हुकमानं स्थापन झालेल्या नाटकशाळेत, हुकमाला दोन वर्षं व्हायच्या आत, त्या राजपुत्राला अंगरखा नाही! आठ वर्षांपूर्वी हौशी पोरांच्या अंगावर सम्राज्ञीचे हिरे होते. हौसेचा खेळ होता तोवर हिरे मिळाले. तेच रोजचं काम झालं तेव्हा कापडसुद्धा मिळेना. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी अनुदानाच्या मंजुरीची वाट पाहत रंगीत तालीम पुढे ढकललीय, त्यांना मी याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

१७५९ मध्ये नाटकशाळा दरबारी खात्याकडे गेली. खात्यातल्या अधिकाऱ्यांशी त्याचं पटेना, आणि १७६१ मध्ये त्याला जावं लागलं. त्याच १७५९ मध्ये त्यानं 'उद्योगी मधमाशी' हे मासिक काढलं. बारा अंक निघाले. छापखाना विज्ञान अकादमीचा. तिथले लोक मजकुरावर कात्री चालवणारे. पैशाचं ओझं याच्या डोक्यावर. वर्षअखेरीला मासिक बंद. रशियातल्या खाजगी साहित्यिक मासिकाची सुरुवात ही अशी. मराठीत ज्यांनी ज्यांनी मासिकं काढली, त्यांच्या घरी ही गोष्ट सांगायला गेलात तर त्यांच्या बायका पूर्ण करून सांगतील.

'पण तो फार भांडखोर होता,' असं इतिहासकार म्हणतात. होता! लोमोनोसोव्हशी भांडला, त्रेदियाकोव्स्कीची तर एका सुखांतिकेत विदूषकी केली. गर्विष्ठ होता, चिडका होता, पुढे पुढे दारूही फार झाली. पण या भांडणांतली एक बाजू बघा. बड्या सरदारांना या कवींना एकमेकांवर सोडून मजा बघायची सवय होती. आमच्याकडे धिरयो लावत तशी. १७६१ च्या जानेवारीत शुव्हालोव्हनं लोमोनोसोव्ह आणि सुमारोकोव्ह दोघांनाही घरी बोलावून सगळ्यांसमोर त्यांचा समेट घडवायचा घाट घातला. लोमोनोसोव्हनं घरी जाऊन शुव्हालोव्हला जळजळीत पत्र लिहिलं, की मी कोणाच्याही घरचा विदूषक होणार नाही. ते पत्र रशियन स्वाभिमानाचा दाखला म्हणून गाजलं. सुमारोकोव्ह चिडला की मात्र तो 'स्वभावदोष' ठरतो.

आणि तो कशासाठी चिडायचा ते मॉस्कोच्या प्रकरणात दिसतं. १७६९ मध्ये तो मॉस्कोला राहायला गेला. तिथल्या नाटकशाळेचा ठेका बेल्मोंती नावाच्या इटालियनाकडे होता. सुमारोकोव्हनं त्याच्याशी करार केला, की माझ्या परवानगीशिवाय माझं नाटक करायचं नाही. तो काळ लक्षात घ्या. नाटक छापलं की ते सगळ्यांचं, अशी समजूत असलेल्या काळात हा माणूस लेखकाची परवानगी लेखी मागतोय. १७७० च्या जानेवारीत मॉस्कोचा गव्हर्नर जनरल साल्तिकोव्ह यानं फर्मान सोडलं, 'सिनाव्ह' करा. तालमी झालेल्या नव्हत्या, नट तयार नव्हते, नाटककाराचा विरोध होता. तरी प्रयोग झाला आणि पुरता फसला. प्रेक्षकांनी हुर्यो केली. सुमारोकोव्हनं थेट सम्राज्ञी कॅथरीनला लिहिलं. तिनं उत्तर दिलं, गोड शब्दांत टोचणारं: तुमच्या भावनांचा आवेग मला पत्रांपेक्षा नाटकांत बघायला जास्त आवडेल. वर त्या उत्तराची प्रत साल्तिकोव्हलाही पाठवली. त्यानं ती गावभर फिरवली. सगळं मॉस्को हसलं. तरुण देर्झाव्हिननंही चार ओळी लिहून हात धुऊन घेतले.

मला या हसण्याचा राग येतो. करार कोणी मोडला? साल्तिकोव्हनं. कच्चा प्रयोग कोणी करायला लावला? साल्तिकोव्हनं. आणि हसं झालं नाटककाराचं! गावच्या उत्सवात नाटक ठरतं, फलकावर देवस्थानचं नाव, देणगीदारांची नावं, प्रमुख पाहुण्यांचं नाव, प्रकाशयोजना अमुक, रंगभूषा तमुक, आणि नाटककाराचं नाव 'जागेअभावी' राहून जातं. माझ्या एका एकांकिकेच्या बाबतीत हे झालंय. विचारलं तर हसून म्हणाले, "भाई, नाटक तर झालं ना?" साल्तिकोव्हही तेच म्हणाला असेल.

आता ज्याची बाजू घ्यायची त्याचे डाग लपवायचे, असला वकील मला व्हायचं नाही. सुमारोकोव्ह वेठबिगार शेतकऱ्यांच्या मुक्तीच्या विरोधात होता. पीटर्सबर्गच्या अर्थविषयक सभेनं शेतकऱ्याला मालमत्तेचा हक्क असावा का असा प्रश्न निबंधासाठी ठेवला, तेव्हा यानं उत्तर पाठवलं त्याचा आशय असा, की पाखराला पिंजरा नसलेलाच बरा, पण पाखराचं गाणं ऐकणाऱ्याला पिंजरा लागतोच. वाचून अंगावर काटा येतो. आणि हाच माणूस १७६३ च्या मॉस्कोतल्या मिरवणुकीसाठी उलट्या जगाचं समूहगीत लिहितो, ज्यात समुद्रापल्याडच्या देशात माणसं विकत नाहीत असा टोला आहे. ते तसंच्या तसं मिरवणुकीत गायलं गेलं नाही. हाच माणूस पहिल्या बायकोपासून वेगळा झाल्यावर आपल्याच घरच्या वेठबिगार स्त्रीशी लग्न करतो आणि बायकोच्या दरबारी नातेवाइकांचा रोष ओढवून घेतो. या विसंगती मला जुळवता येत नाहीत, आणि जुळवायच्याही नाहीत. पायाचे दगड घडीव नसतात.

त्याच्या उतारवयातलं, १७७१ चं नाटक 'दिमित्री तोतया'. तोतया म्हटलं की आपल्याला भाऊसाहेबांचा तोतया आठवतो, केळकरांचं 'तोतयाचे बंड' आठवतं. रशियाला दीडशे वर्षांपूर्वीचा तोतया झार आठवत होता. सुमारोकोव्हनं त्याच्यावरच्या नाटकात एका पात्राच्या तोंडून म्हणवलं, की राज्य करायची लायकी नसेल तर कुळाचा काही उपयोग नाही. गादीवर तेव्हा रशियन राजघराण्याच्या रक्ताचा थेंबही नसलेली जर्मन कॅथरीन होती. तिला हे ऐकून बरं वाटलं असेल की अवघडल्यासारखं झालं असेल, कोण जाणे. दोनच वर्षांनी पुगाचोव्ह नावाचा खराखुरा तोतया तिच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव लावून उठला. नक्कल म्हणतात ती ही! १८०६ मध्ये हे नाटक लंडनमध्ये इंग्रजीतही छापलं गेलं.

शेवट फार वाईट झाला. कर्जापायी मॉस्कोतलं घर गेलं. १७७७ च्या ऑक्टोबरात तो वारला. दोन्स्कोय मठापर्यंत त्याला खांदा दिला तो मॉस्कोच्या नटांनी, खर्चही त्यांनीच केला असं सांगतात. कबरीवर दगड बसला नाही आणि पुढे जागाही विस्मृतीत गेली. हुकूम काढणाऱ्या दरबारातून कोणी आल्याचं ऐकिवात नाही. आले ते नट. चार वर्षांनी नोव्हिकोव्ह या प्रकाशकानं त्याचं समग्र लेखन दहा भागांत काढायला घेतलं, म्हणून आज आपण त्याच्याबद्दल बोलू तरी शकतो.

आणखी एक गोष्ट, वक्त्यांसाठी. व्होल्कोव्हच्या त्याच यारोस्लाव्ल गावचा गेरासिम लेबेदेव नावाचा वादक हिंदुस्थानात आला, बंगाली शिकला, आणि १७९५ मध्ये त्यानं कलकत्त्याला गोलोकनाथ दासांच्या मदतीनं एका इंग्रजी नाटकाचं बंगाली रूपांतर रंगमंचावर आणलं. आधुनिक बंगाली रंगभूमीचा इतिहास तिथून सांगायला सुरुवात करतात. रूपांतर! उसनवारी! एका रशियनानं, इंग्रजीतून, बंगालीत. बंगाली माणूस याची लाज बाळगत नाही, अभिमानानं सांगतो.

आणि आपण? विष्णुदास भावे कर्नाटकातले खेळ बघून सांगलीला १८४३ मध्ये उभे राहिले, चिंतामणरावांचा आश्रय गेल्यावर मंडळी घेऊन गावोगाव फिरले, हे आपण ५ नोव्हेंबरला एकदा म्हणतो आणि विसरतो. आमच्या डोंगरीच्या कृष्णंभट बांदकरांचं नाव गोव्यातल्या किती नाट्यशिबिरांत घेतलं जातं? घेतलं तर 'आद्य' हे विशेषण लावून, फुलं वाहून. 'आद्य' म्हणणं हासुद्धा न वाचण्याचा एक सभ्य मार्ग आहे.

वक्त्यांना मी फोन केला होता. हे सगळं थोडक्यात सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे हो तुमचा, पण सुमारोकोव्हची नाटकं आज चालतील का?" नाही चालणार. मी कुठे म्हणतो चालतील? पायावर कोणी राहत नाही, घरात राहतात. पण घर मातीतून आपोआप उगवलं असं पोराबाळांना सांगू नका. कारण ते ऐकून उद्या एखादा पोरगा पहिलं नाटक लिहायला बसेल, ते कोणासारखं तरी झालंय हे त्याच्या लक्षात येईल, आणि तो कागद फाडून टाकेल. त्याला कोणीतरी सांगायला हवं, की बाबा, सगळ्यांचं आधी असंच होतं. तू लिही. आणि तालीम ठरली की मला कळव. तुझ्या त्रुव्होरला अंगरखा कमी पडला तर माझ्या घरी एक जुना आहे, जरा उसवलाय, पण चालेल.